तांदळाचं धुवण, केळ्याची सालं, अंड्याची टरफलं: कुंडीतल्या झाडाला यातून नेमकं काय मिळतं?

गच्चीतली_माती (पुणे)

आमच्या सोसायटीच्या गटावर रोज घरगुती खताचा एक तरी व्हिडिओ येतो. केळ्याच्या सालींचं पाणी घातलं की गुलाबाला कळ्याच कळ्या, तांदळाच्या धुवणाने मनी प्लांट भिंतभर, अंड्याची टरफलं तर सगळ्यावर रामबाण. करायला सोपं, पैसे पडत नाहीत, म्हणून लोक करतात. मग महिन्याभराने विचारतात, पानं पिवळी का पडली, कुंडीत मुंग्या का झाल्या. मी कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकले आणि आता गच्चीवर भाज्या आणि फुलझाडं करते. एकदा या विषयावर सविस्तर लिहायचं होतंच. तुमचेही अनुभव सांगा, विशेषतः पुण्याबाहेरच्यांनी, कारण या सगळ्यात तुमच्या गावच्या मातीचा आणि पाण्याचा वाटा खतापेक्षा मोठा असतो असं माझं ठाम मत आहे.

झाडाला केळं, अंडं, चहा यातलं काहीच थेट घेता येत नाही. मुळं घेतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. नत्र (नायट्रोजन) नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात, पालाश (पोटॅशियम), स्फुरद (फॉस्फरस), कॅल्शियमही तसेच. म्हणून स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू हातात घेतली की दोन प्रश्न विचारायचे. यात आहे काय? आणि ते सुटं होऊन मुळाशी पोचायला किती वेळ लागेल?

केळ्याची साल घ्या. तिच्यात पालाश भरपूर असतो आणि तो पेशीरसात मोकळाच असतो, कुठल्या मोठ्या रेणूत अडकलेला नसतो. त्यामुळे साल पाण्यात भिजवली की दोन-तीन दिवसांत बराच पालाश पाण्यात उतरतो. इथवर व्हिडिओ खरे आहेत. पण नत्र त्या पाण्यात नावालाच येतं. आणि कुंडीतल्या झाडाला सगळ्यात आधी कमी पडतं ते नत्रच, कारण प्रत्येक पाण्याबरोबर ते खालच्या भोकातून वाहून जातं. नुसत्या सालीच्या पाण्यावर ठेवलेला गुलाब म्हणूनच फिकट दिसतो. पाणी काढून झालं की ती साल फेकू नका, बारीक चिरून कंपोस्टमध्ये टाका. अख्खी साल कुंडीत पुरण्याचा मात्र काहीच फायदा नाही, चिलटं आणि उंदीर दोन्ही येतात.

तांदळाच्या धुवणात स्टार्च, थोडा पालाश-स्फुरद आणि कोंड्यातून आलेली थोडी जीवनसत्त्वं असतात. ते साध्या पाण्याच्या जागी आठवड्यातून एकदा-दोनदा घालायला हरकत नाही. पण रोज घातलं तर मातीचा वरचा थर कायम ओला आणि पिठूळ राहतो, त्यावर पांढरी बुरशी धरते आणि कुंडीभोवती त्या बारीक काळ्या माश्या घोंगावू लागतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. शिजवलेल्या भाताची पेज घालणारे लोकही पाहिलेत, तिथे हे दुपटीने होतं.

चहाचा चोथा चांगला, वाळलेल्या चोथ्यात नत्र सुमारे ४ टक्के असतं. पण ते प्रथिनांत आणि टॅनिनमध्ये बांधलेलं, जिवाणूंनी सोडवल्यावरच मिळणार. म्हणजे महिन्याभराची गोष्ट. दूध-साखरेचा चहा असेल तर चोथा दोनदा धुऊन, पिळून, उन्हात खडखडीत वाळवून मगच वापरायचा. न धुता घातला तर मुंग्या येणारच.

आता अंड्याची टरफलं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. टरफल म्हणजे जवळपास सगळा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. चुनखडी विरघळायला आम्ल लागतं. दख्खनच्या पठारावरची आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात चुनखडीचे खडे आधीच असतात आणि सामू (pH) साधारण ७.५ ते ८.५ असतो. त्यावर बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. अशा कुंडीत टरफलं वर्षभरानेही जशीच्या तशी सापडतात. कुंडी उलटी करून पाहा, पांढरे तुकडे तसेच मिळतील. कॅल्शियमची तिथे कमतरताच नाही. अशा मातीत अडचण असते ती लोह आणि जस्त मुळांना न मिळण्याची, आणि चुना घालून ती वाढतेच.

हे ओळखायचं कसं? पिवळं पान नीट पाहा. खालची जुनी पानं आधी आणि सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र जाळीसारख्या हिरव्या दिसत असतील तर लोह मिळत नाहीये. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, गुलाब यांच्यात हे हमखास दिसतं. दुसऱ्या प्रकारात कितीही खत ओता, फरक पडणार नाही. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चमचाभर लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. आठवड्याभरात नवी पानं हिरवी येऊ लागतात.

---

जांभा_दगड (रत्नागिरी)

ताई, छान लिहिलंत. पण टरफलांच्या बाबतीत आमच्याकडचं चित्र अगदी उलटं आहे, ते इथे नोंदवून ठेवतो. आमची माती जांभ्याची, लाल. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. त्या पावसात चुना, पालाश सगळं धुऊन जातं आणि माती आम्लधर्मी होते. इथे टरफलं विरघळतात आणि लागूही पडतात. फक्त हाताने चुरडून टाकायची नाहीत. धुऊन, वाळवून, मिक्सरमधून अगदी पिठासारखी करायची. मोठ्या कुंडीला मोठा चमचाभर, माती भरतानाच मिसळायची.

चुलीतली राख तर आमच्या परसात पूर्वीपासून आळ्यात जाते. राखेत पालाश आणि चुना दोन्ही. माझी आई अळवाला, केळीला आणि दुधी-पडवळाच्या वेलांना राख घालते, वेलांच्या पानांवर धुरळतेही, तांबड्या भुंग्यांसाठी. पण हीच राख तुमच्या घाटावरच्या काळ्या मातीत घातली तर ताई म्हणतात तसं नुकसानच होईल. कोकणातला माणूस पुण्यात फ्लॅट घेतो आणि गावची सवय म्हणून तिथल्या कुंडीत राख घालतो, असं माझ्या चुलतभावाकडेच चालू आहे. त्याला हा धागा पाठवतो.

मासळीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मासे धुतलेलं पाणी आमच्याकडे माडाच्या किंवा कढीपत्त्याच्या मुळाशी जातं. त्यात रक्त, खवले, म्हणजे नत्र आणि स्फुरद दोन्ही. मीठ-हळद लावण्याआधीचं पाणी घ्यायचं, नंतरचं नाही. फ्लॅटमध्ये करायचं असेल तर मासळीचा टाकाऊ भाग आणि तितकाच गूळ बरणीत थर देऊन झाकून ठेवतात. तीन-चार आठवड्यांत काळपट पातळ रस होतो. लिटरभर पाण्यात एक-दोन मिलि. पुरतो. मांजरांपासून मात्र सांभाळा.

---

निशिगंधा_आजी (सातारा)

कढीपत्त्याला आंबट ताक घालतात ते बरोबर की चूक? माझ्या सासूबाई घालायच्या, मीही घालते. झाड भरगच्च आहे.

---

गच्चीतली_माती (पुणे)

आजी, बरोबरच आहे, आणि तुमच्या साताऱ्याच्या मातीत तर जास्तच. ताकात लॅक्टिक आम्ल असतं. ते मुळाभोवतीच्या मातीचा सामू तेवढ्यापुरता खाली आणतं आणि अडकलेलं लोह थोडं मोकळं होतं. शिवाय ताकातल्या प्रथिनांतून थोडं नत्र मिळतं. बिनमिठाचं, लोणी पूर्ण काढलेलं, एक वाटी ताकाला आठ-दहा वाट्या पाणी. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. घट्ट ताक ओतलं तर मातीवर साय धरून कुबट वास येतो.

दुधाचा आणखी एक उपयोग शास्त्रीय कसोटीवर उतरलेला आहे. ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेट्टिओल यांनी १९९९ साली झुकिनीवरच्या भुरी रोगावर पातळ केलेल्या दुधाची फवारणी करून पाहिली आणि भुरी चांगली आटोक्यात आल्याचं प्रसिद्ध केलं. भोपळावर्गीय वेलांच्या पानांवर पांढरी पावडर दिसली की एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, सकाळी उन्हात फवारायचं. हे खत नव्हे, औषध. पण स्वयंपाकघरातलंच.

जांभा_दगड, तुमच्या प्रतिसादाची मी वाटच पाहत होते. टरफलं आणि राख जांभ्यात चालतात, काळ्या मातीत नाहीत, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

---

बाल्कनी_चार_बाय_सहा (डोंबिवली)

आमच्याकडे माती ना काळी ना जांभ्याची. नर्सरीतून आणलेली लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं शेणखत. पाणी महापालिकेचं. मग टरफलं घालायची की नाही?

आणि टोमॅटो खालून काळे पडून सडतात, त्याला सगळे कॅल्शियमच सांगतात.

---

गच्चीतली_माती (पुणे)

कोकोपीट जास्त असेल तर सामू साधारण ६च्या आसपास असतो, तिथे टरफलांची बारीक पूड हळूहळू उपयोगी पडते. माती भरताना चमचाभर मिसळा, वरून टाकू नका.

टोमॅटोचं बूड काळं पडणं हे कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याचं लक्षण आहे खरं, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. एक दिवस कुंडी कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की फळाच्या टोकाला ते पोचत नाही. बाल्कनीत वारा आणि ऊन दोन्ही लागतं, कुंडी छोटी असते, म्हणून तुमच्याकडे हे जास्त होतं. कुंडी मोठी घ्या, वर वाळक्या पानांचं आच्छादन करा, रोज ठरलेल्या वेळी पाणी द्या. टरफलांपेक्षा याने फरक पडेल.

---

वऱ्हाडी_पऱ्हाटी (अमरावती)

जीवामृताचं नाव कोणीच कसं घेतलं नाही अजून? आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, २०१६ साली पद्मश्री मिळालेले, त्यांचं जीवामृत आज देशभर वापरतात. त्यातल्या गूळ आणि बेसन या दोन वस्तू तर स्वयंपाकघरातल्याच.

एका एकराचं मूळ प्रमाण असं: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दहा लिटरच्या बादलीसाठी विसाने भागा. अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, चिमूटभर माती. माती मात्र जिथे रासायनिक औषध पडलेलं नाही अशा झाडाखालची. बादली सावलीत ठेवायची, तोंडावर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दोन दिवसांत तयार होतं, आठवड्याच्या आत संपवायचं. कुंडीला देताना दहापट पाणी.

पाळेकर स्वतः याला खत म्हणत नाहीत, विरजण म्हणतात. मातीत जिवाणू वाढवायचं विरजण. ते नीट समजून घेतलं पाहिजे. विरजणाला दूध लागतं. मातीत काडीकचरा, पालापाचोळा असेल तरच ते जिवाणू कामाला लागतात. शेतात आच्छादन करतो म्हणून जमतं. नुसत्या कोकोपीटच्या कुंडीत जीवामृत ओतून काय होणार?

---

बाल्कनी_चार_बाय_सहा (डोंबिवली)

दादा, डोंबिवलीत ताजं शेण आणायचं कुठून? पूजेच्या दुकानातल्या गोवऱ्या चालतील का?

---

वऱ्हाडी_पऱ्हाटी (अमरावती)

गोवरी उन्हात वाळवलेली असते, ताज्या शेणातले बरेचसे जिवाणू तिच्यात राहत नाहीत. त्यापेक्षा जवळच्या तबेल्यातून पिशवीभर आणा. कल्याण-डोंबिवलीकडे तबेले आहेत. म्हशीचं असलं तरी कुंडीपुरतं आणा, माझी ना नाही.

शेण मिळतच नसेल तर घरच्या चांगल्या मुरलेल्या कंपोस्टची एक ओंजळ, थोडा गूळ, थोडं बेसन, पाच लिटर पाणी. दोन दिवस ढवळत राहायचं. तितकं जोरदार नाही होत, पण काम होतं.

---

शेंगदाणा_कूट (कोल्हापूर)

ताईंनी नत्राचं लिहिलं ते वाचून सांगतो. स्वयंपाकघराशी जोडलेलं नत्राचं सगळ्यात जोरदार साधन म्हणजे पेंड. शेंगदाणा पेंडीत नत्र ७ टक्क्यांच्या आसपास असतं. कंपोस्टमध्ये एक-दोन टक्के. लाकडी घाण्यावर तेल काढून आणत असाल तर पेंड मागून घ्या, तुमचीच आहे ती.

शंभर ग्रॅम पेंड दोन लिटर पाण्यात भिजवायची, झाकण सैल ठेवायचं, रोज ढवळायचं. चार-पाच दिवसांत दुधाळ, उग्र वासाचं पाणी होतं. ते गाळून एक तांब्या घ्यायचं आणि दहा तांबे पाणी मिसळायचं. आधी कुंडीला साधं पाणी द्यायचं, मग हे. कोरड्या मातीत घातलं तर मुळं पोळतात. पंधरा दिवसांतून एकदा. पालेभाजी, मिरची, गुलाब, सगळ्यांना मानवतं. खाली राहिलेला गाळ कंपोस्टमध्ये.

वास येतो, हे खरं आहे. खूप येतो. शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवायचे असतील तर भिजवताना त्यात मूठभर निंबोळी पेंड टाका, वास थोडा दबतो आणि माश्याही कमी येतात. आणि संध्याकाळी द्या, सकाळी नको.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी कोरडी पेंड चमचाभर मातीच्या वरच्या दोन इंचांत खुरपून मिसळावी. उशिरा लागू पडते पण वास नाही. उंदीर असतील तिथे शेंगदाण्याची नको, निंबोळीचीच.

---

ओला_सुका (मुंबई)

सगळे पातळ खतांवर बोलताहेत. मला वाटतं मुख्य गोष्ट कंपोस्ट आहे आणि बाकी सगळं वरचं लोणचं-पापड. सालं भिजवा, धुवण घाला, पण घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत झालं तरच कुंडीची माती वर्षानुवर्षं टिकते. पातळ खतातून क्षार मिळतात, सेंद्रिय पदार्थ मिळत नाहीत. आणि सेंद्रिय पदार्थ संपला की कुंडीतली माती विटेसारखी घट्ट होते.

मुंबईत हे जागेअभावी होत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर त्याच इमारतीच्या गच्चीत भाज्या आणि फळझाडं वाढवली गेली. डॉ. आर. टी. दोशी यांनी त्याच्याही आधी मुंबईतल्या गच्चीवर रसवंतीतली उसाची चिपाडं वापरून भाज्या केल्या. आणि या सगळ्यांच्या मागे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार आहे, की घरातल्या आणि आसपासच्या काडीकचऱ्यातूनच माती घडवायची.

माझी पद्धत सांगते. वीस लिटरचा डबा, सगळीकडून भोकं पाडलेला, खाली दोन विटा. तळाशी नारळाच्या शेंड्या. मग घरातला ओला कचरा: भाजीची देठं, फळांची सालं, धुतलेला चहा, टरफलं. सगळं बारीक चिरून, कारण तुकडा जितका लहान तितकं कुजणं लवकर. ओल्या कचऱ्याच्या एका थरावर वाळक्या पानांचा दुप्पट जाडीचा थर. वजनाने नव्हे, जाडीने दुप्पट. ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त, वाळक्या पानांत कर्ब (कार्बन) जास्त. दोन्ही मिळून कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण ३०:१ झालं की जिवाणू जोमाने काम करतात. सुरुवातीला आंबट ताकाचा एक हबका किंवा जुन्या खताची ओंजळ.

रोज वरचा थर काडीने हलवायचा. आठवड्यातून एकदा सगळं खालीवर. मूठभर काढून घट्ट पिळा. बोटांमधून एखादा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर पानं वाढवा, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा. डबा गरम लागला तर घाबरू नका, चांगलं चाललंय.

वासावरून दोष कळतो. नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास म्हणजे ओला कचरा जास्त आणि पानं कमी. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही, सगळं चिकटून बसलंय. दोन्हीवर उपाय एकच: वाळकी पानं घाला आणि हलवा.

आणि अळ्या! सगळ्यात जास्त लोक इथेच डबा बंद करतात. जाडसर, चपट्या, राखाडी-तपकिरी अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या आहेत. त्या कचरा भराभर खातात, रोग पसरवत नाहीत आणि मोठी झालेली माशी घरातल्या अन्नावर बसत नाही. राहू द्या. त्यांना ओल आवडते, पानं वाढवली की कमी होतात.

पावसाळा सोडून दोन-अडीच महिन्यांत खत होतं. काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीचा वास. त्यात देठ, साल काहीच ओळखू येता कामा नये. ओळखू येत असेल तर अजून ठेवा. कच्चं खत कुंडीत घातलं की ते तिथे कुजताना झाडाचंच नत्र ओढून घेतं. कुंडी भरताना मातीच्या चौथ्या भागाइतकं, नंतर दर दोन महिन्यांनी दोन मुठी वरून.

लोणचं, पापड, मिठाची भाजी, तेलकट उरलंसुरलं डब्यात घालू नका. मीठ साठत जातं आणि कुंडीत ते कुठे जाणार?

---

परदेशी_कढीपत्ता (न्यू जर्सी)

इथल्या मराठी घरांमधून कढीपत्त्याचं झाड म्हणजे घरातलं माणूसच असतं. थंडीत आत आणावं लागतं. नोव्हेंबरपासून पानं गळतात, मग सगळे काळजीने ताक, सालींचं पाणी, काय काय घालतात. घालावं का?

कंपोस्टसाठी मी बोकाशी वापरते. जपानमधल्या ओकिनावाच्या प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी विकसित केलेल्या जिवाणूंच्या मिश्रणातून ही पद्धत जगभर गेली. घट्ट झाकणाच्या डब्यात कचऱ्यावर जिवाणू लावलेला कोंडा भुरभुरवायचा आणि दाबून हवा काढायची. लोणचं घातल्यासारखं आंबतं, कुजत नाही, म्हणून घरात वास नाही. शिजवलेलं अन्नही चालतं. पण ते थेट खत नव्हे, नंतर मातीत पुरून काही आठवडे ठेवावं लागतं. हिवाळ्यात माती गोठते तेव्हा मी डबे गॅरेजमध्ये ठेवते आणि एप्रिलमध्ये पुरते.

---

गच्चीतली_माती (पुणे)

थंडीत काहीच घालू नका. ऊन कमी, तापमान कमी, झाड वाढतच नाही, मग दिलेलं खत मातीतच साठून मुळांना जाळतं. पाणीही कमी करा, माती दोन इंच कोरडी झाल्यावरच. बहुतेक कढीपत्ते थंडीत जादा पाण्याने जातात. मार्चमध्ये नवी फूट दिसली की सुरू करा, आधी कंपोस्ट, मग ताक.

ओला_सुका, वाचकांनी सगळ्यात आधी तुमचा प्रतिसाद वाचावा असं मला वाटतं. पातळ खतं पाहिजेत, पण कंपोस्टच्या जोडीला.

आपल्याकडच्या ऋतूंचंही सांगते. मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत झाली की लगेच कंपोस्ट आणि पेंडीचं पाणी, एप्रिलमध्ये फुलं धरतात. जुलै-ऑगस्टच्या सततच्या पावसात पातळ खत देऊ नका, सगळं गटारात जातं. त्या दिवसांत वरून कोरडं कंपोस्ट. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीपासून पुन्हा सुरुवात, कारण पावसाने कुंडीतलं नत्र धुतलेलं असतं आणि तेव्हाच सगळी झाडं एकदम फिकट दिसतात. मेमध्ये दुपारच्या उन्हात मान टाकलेल्या झाडाला फक्त पाणी आणि सावली.

---

निशिगंधा_आजी (सातारा)

डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी आणि भाज्या उकडलेलं बिनमिठाचं पाणी मी बादलीत साठवते आणि संध्याकाळी झाडांना घालते. उन्हाळ्यात आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. खत म्हणून नाही तर निदान पाणी म्हणून तरी ते उपयोगी पडतं की नाही?

---

गच्चीतली_माती (पुणे)

आजी, पाणी म्हणून तर शंभर टक्के. फक्त त्याच दिवशी वापरा, आणि रोज वेगवेगळ्या कुंड्यांना फिरवून द्या. म्हणजे एकाच कुंडीत स्टार्च साठणार नाही.

---

बाल्कनी_चार_बाय_सहा (डोंबिवली)

ओला_सुका ताई, वाळकी पानं मुंबई-ठाण्यात आणायची कुठून? आमच्या सोसायटीत झाडून गोळा करतात आणि कोपऱ्यात जाळतात.

---

ओला_सुका (मुंबई)

जाळणं आधी थांबवा. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली आहे, साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड. हे सोसायटीच्या समितीला लेखी द्या. मग झाडणाऱ्या मावशींना दोन रिकाम्या गोण्या द्या आणि पानं त्यात भरायला सांगा. त्यांचंही जाळायचं काम वाचतं.

पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हाच वर्षभराची भरून ठेवा. गुलमोहर, सोनमोहर, शिरीष, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं सगळ्यात चांगली, लवकर कुजतात. पिंपळ, करंजही ठीक. आंबा, फणस, जंगली बदाम यांची पानं चिवट, ती गोणीत भरून पायाने तुडवून चुरा करा. निलगिरीची नको. गोण्या पावसात भिजणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा, जिन्याखाली चालतील.

पानं अजिबातच नसतील तर सुताराच्या दुकानातला लाकडाचा भुसा घ्या, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून घातलेले चालतात. रसवंतीवाल्याकडे चिपाडं मागा, तो फुकट देतो. ती विळीने बोटभर तुकडे करून घ्या आणि दोन दिवस उन्हात टाका, नाहीतर साखरेमुळे मुंग्या येतात.

---

शेंगदाणा_कूट (कोल्हापूर)

चिपाडं तर आमच्याकडे गुऱ्हाळागणिक ढिगाने. भुईमुगाची फोलं, म्हणजे शेंगांची टरफलं, हीसुद्धा वाळक्या पानांच्या जागी उत्तम चालतात. हलकी असतात, डब्यात हवा खेळती राहते. कोल्हापूर-सांगलीकडून कोणी येणार असेल तर गोणी मागवून घ्या.